हाड जुळलं, एक्स-रे चांगला, तरी हात चालत नाही: मनाचा भाग हाताळायचा कसा?

सोरेगावकर
प्लास्टर निघतं, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं आणि लगेच ऐकायला मिळतं, "आता काही नाही, मनातून काढून टाका." मनातून काढायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे मात्र कागदावर कुठंच नसतं.

चर्चा भरकटू नये म्हणून (भरकटणारच) एक नमुना धरू. पंचेचाळिशीची विडी कामगार, सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलात राहणारी. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, ते काढून दोन महिने झाले. हाड जुळलंय. पण हात पदराखाली धरून बसते, कात्री हातात घेत नाही, "परत मोडेल" म्हणते. घरचे म्हणतात नाटक आहे.

माझं मत असं की ही भीतीसुद्धा दुखापतीचाच भाग आहे आणि तिलाही व्यायामासारखं माप, वेळ आणि वाढ लागते. "सकारात्मक राहा" छाप सल्ले नकोत. आकड्यांत बोला.

शेंगाचटणी
"मनातून काढून टाका" ही सोलापुरातली सगळ्यात स्वस्त शस्त्रक्रिया आहे. टाके नाहीत, बिल नाही.

फिजिओ_होटगीरोड
मनाकडे वळायच्या आधी शरीराची झाडाझडती पूर्ण करा. "भीती आहे" हा शिक्का घाईत बसला की खरं दुखणं त्याखाली दडतं. मनगट मोडल्यानंतर या गोष्टी तपासल्याशिवाय पुढं जाऊ नये:

अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या आणि रात्री जाग येणं, म्हणजे मनगटातली मधली नस दाबली जात असेल. हात टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचलता येत नसेल तर अंगठा उचलणारी शीर (टेंडन, रक्ताची नव्हे) तुटलेली असू शकते. हाड फारसं सरकलेलं नसतानाही काही आठवड्यांनी हे होतं, आणि पेशंट "हात भितो" असंच सांगतो. तिसरं म्हणजे सीआरपीएस, म्हणजे कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, दुखापतीनंतर दुखणं भडकत राहण्याचा आजार. दुखणं दुखापतीच्या मानानं फारच जास्त, नुसता पदर लागला तरी चटका, दोन्ही हातांच्या तापमानात किंवा रंगात फरक, सूज, घाम, नखं-केस वेगळे वाढणं. ही लक्षणं असतील तर महिनाभर वाट बघत बसू नका.

हे सगळं नसेल तर भीतीचं माप घ्या. टॅम्पा स्केलची छोटी आवृत्ती ११ प्रश्नांची आहे, गुण ११ ते ४४. मूळ १७ प्रश्नांची, १७ ते ६८, आणि त्यात ३७ च्या वर गेलं की हालचालीची भीती जास्त धरतात. मूळ प्रश्नावलीत ४, ८, १२ आणि १६ हे प्रश्न उलटे मोजायचे असतात. घाईत सरळ बेरीज केली की आकडा बिघडतो आणि पुढची सगळी आखणी चुकते.

मनकवडा
फिजिओंच्या यादीला जोडतो. टॅम्पा हालचालीची भीती मोजतं. दुखण्याबद्दल डोक्यात काय चाललंय ते मोजायला पेन कॅटास्ट्रोफायझिंग स्केल आहे, १९९५ ची, १३ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ५२. साधारण ३० च्या पुढं गेलं की दखल घ्यायची. एकूण आकड्यापेक्षा त्यातले तीन गट जास्त उपयोगी: तेच तेच घोळत राहणं (४ प्रश्न), काहीतरी भयंकर होईल असं वाटणं (३), आणि आपल्या हातात काहीच नाही ही भावना (६). घोळवणाऱ्याला लक्ष दुसरीकडं गुंतवायचे उपाय लागू पडतात. भयंकर वाटणाऱ्याला हाडाची नीट माहिती द्यावी लागते. असहाय वाटणाऱ्याला माहिती देऊन काही होत नाही, त्याला रोज एक छोटी गोष्ट स्वतःच्या हातानं जमली पाहिजे.

एक सूचना: कागद हातात देऊन "भरा" म्हणू नका. सोलापूरच्या पूर्व भागात बऱ्याच बायकांना तेलुगूत विचारावं लागतं, आणि सासू शेजारी बसलेली असेल तर उत्तरं सासूसाठी असतात.

कांडीवाला
सगळं मान्य. पण तुम्ही दोघं भीती भीती म्हणताय ती मनगटाची आहे की मजुरीची? विडीला हजारामागे पैसे. हात बरा आहे म्हटलं की घरात लगेच "मग बस की कामाला." पूर्ण हजार जमले नाहीत तर बोलणी. अशा वेळी हात दुखत राहणं हीच एक सुट्टी असते. हे ढोंग नव्हे, हिशोब आहे.

यंत्रमागावरही तेच. ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर आजारपणात सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावरची दुखापत म्हणून नोंद झाली असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचे ९० टक्के. म्हणजे पहिल्याच दिवशी अपघाताची नोंद झाली की नाही, यावर पुढचे तीन महिने माणूस किती घाबरलेला राहील हे ठरतं. तुमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न आहे का?

मनकवडा
@कांडीवाला, या १३ प्रश्नांत नाही. ओरेब्रो प्रश्नावलीत कामाबद्दल थेट विचारतात, "तीन महिन्यांनी नेहमीचं काम करू शकाल असं वाटतं का", ० ते १०. छोट्या आवृत्तीत १० प्रश्न, १०० पैकी ५० च्या वर गेलं की काम लांबणीवर पडायचा धोका. तुमचा मुद्दा बरोबर आहे. पगाराची चिंता ही चुकीची समजूत नाही, तिच्यावर समुपदेशन करत बसणं मूर्खपणा आहे. तिथं कागदपत्रं करायची.

सोरेगावकर
छान. आता त्या बाईला सोमवारी सकाळी काय सांगायचं?

फिजिओ_होटगीरोड
सांगतो, जरा लांब होईल.

मूळ कल्पना जुनी आहे. विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात मांडली: काम दुखण्यावर नाही, आकड्यावर थांबवायचं. दुखेपर्यंत करायचं आणि दुखलं की थांबायचं, असं महिनाभर चाललं तर शरीर एवढंच शिकतं की दुखणं म्हणजे विश्रांती.

पायरी १. तीन वेगवेगळ्या दिवशी, साधारण एकाच वेळी, कंटाळा किंवा त्रास वाढेपर्यंत विड्या वळायच्या आणि मोजायच्या. समजा ६०, ४०, ५०. सरासरी ५०.
पायरी २. त्यातले २० टक्के कमी करायचे. म्हणजे ४०. हा तिचा एक लॉट.
पायरी ३. ४० झाल्या की थांबायचं. बरं वाटत असलं तरी थांबायचं. दहा मिनिटं हात मोकळा: मुठी उघड-मीट, मनगट वर-खाली, तळहात उलटा-सुलटा, प्रत्येकी दहा वेळा. मग पुढचा लॉट. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीनच लॉट.
पायरी ४. दर आठवड्याला साधारण १० टक्के वाढ. ४०, ४४, ४८. लॉटचा आकडा आणि लॉटची संख्या एकाच आठवड्यात वाढवायची नाही.

काम करताना दुखणं १० पैकी ४-५ पर्यंत चालेल, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पातळीवर आलेलं असावं. आलं नाही तर आकडा तोच ठेवायचा.

कात्री वेगळी मोजा. पान कापताना अंगठ्याच्या बुडावर जोर येतो, वळताना चिमटीवर. पहिले दोन आठवडे पानं घरातल्या दुसऱ्या कुणी कापून द्यावीत, तिनं फक्त वळावं आणि दोरा बांधावा. तिसऱ्या आठवड्यापासून कात्री पाच-पाच मिनिटं. पान नीट भिजलेलं हवं. कडक पानाला कात्रीचा जोर जास्त लागतो आणि मग दोष हाडाला.

साखरपेठ_ताई
हे कागदावर छान आहे हो. पण पाण्याचं काय? आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी घागरी, बादल्या, टाकी, सगळं दोन तासांत भरायचं. तुमचा ४० चा लॉट त्या दिवशी वाहून जातो.

शेंगाचटणी
महापालिकेला पण एक टॅम्पा स्केल द्या. पाणी सोडायची भीती आहे त्यांना.

फिजिओ_होटगीरोड
ताई, योजना नेमकी इथंच मोडते. चांगल्या दिवशी भरमसाट काम, मग तीन दिवस आडवं, मग परत भरमसाट. पाण्याचा दिवस चुकवता येत नाही म्हणून तो योजनेत आधीच धरायचा. त्या दिवशी विडीचे लॉट शून्य. घागर एका हातानं उचलायची नाही, अर्धी बादली दोन्ही हातांनी. शक्य असेल तर नळाला पाइप. दुसऱ्या दिवशी लॉटचा आकडा तोच, संख्या एकनं कमी. वहीत त्या तारखेला "पाणी" लिहून ठेवायचं, नाहीतर आठवड्यानं वही बघून तिला वाटतं, "विड्यांनी हात बिघडला."

भूलवाला
पेन क्लिनिकच्या बाजूनं थोडं. जागतिक वेदना संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, त्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून अनुभव आहे हे कायम ठेवलं. १९७९ च्या व्याख्येतही ते होतं. म्हणजे "शरीर की मन" हा धाग्याचा प्रश्नच वैद्यकानं केव्हाच सोडून दिलाय. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत दुखण्याचे संदेश कमी-जास्त करणारी यंत्रणा आहे आणि मेंदूकडून खाली येणारे आदेशही ती बदलतात. भीती, झोप, लक्ष हे सगळं तिथं पोचतं.

मागवाल्यांना सांगायचं तर वेफ्ट फोर्कसारखं समजा. बाणा तुटला की माग थांबवणं हे त्याचं काम. फोर्क बिघडला की बाणा शाबूत असतानाही माग सारखा थांबतो. थांबणं खरं असतं, बाणा मात्र तुटलेला नसतो.

कांडीवाला
आणि वैतागून फोर्कच बांधून टाकणारेही असतात. मग बाणा खरंच तुटला तरी माग पळत राहतो आणि कापड वाया. गोळ्या खाऊन माग चालवणाऱ्यांचं तसंच होतं.

भूलवाला
@कांडीवाला, हे पुढच्या पेशंटला सांगणार.

गोळ्यांचंच बोलतो. नसांच्या दुखण्यावर अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून देतात, संध्याकाळी सात-आठला, म्हणजे सकाळी गुंगी राहत नाही. चिठ्ठी मेडिकलवाल्यानं बघितली की तो म्हणतो, "ही तर डिप्रेशनची गोळी." बाई गोळी खिडकीतून फेकते आणि दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून लिहून देतानाच सांगावं: दुखण्याचा डोस नैराश्याच्या डोसपेक्षा बराच कमी असतो, तोंड कोरडं पडेल, पोट साफ व्हायला त्रास होईल, परिणाम कळायला दोन-तीन आठवडे लागतील. काचबिंदू, लघवी अडकणं किंवा हृदयाची तक्रार असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं. मनानं सुरू नाही, मनानं एकदम बंद नाही.

कंबरतलाव
विषय थोडा वळवतो. एमआरआयच्या रिपोर्टनं किती भीती तयार होते, त्याबद्दल कोणी बोलणार का? "डिस्क बल्ज" (मणक्यांमधली गादी फुगणं), "डिजनरेशन" (झीज) हे शब्द वाचले की माणूस वाकायचंच सोडतो.

फिजिओ_होटगीरोड
२०१५ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, कंबर अजिबात न दुखणाऱ्यांची. विशीतल्या ३७ टक्के लोकांत डिस्कची झीज दिसली, ऐंशीत ९६ टक्के. बल्ज विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४. हा आकडा रिपोर्टबरोबरच कानावर घातला पाहिजे, महिन्यानं सांगून उपयोग नाही, तोवर पट्टा लागलेला असतो.

मात्र उलट टोकालाही जाऊ नका. जांघेत-बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, पाय लुळा पडत जाणं, यातलं काहीही असेल तर त्याच रात्री हॉस्पिटल. ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, हेही मनाच्या खात्यात टाकायचं नाही.

मनकवडा
कंबरेसाठी स्टार्ट बॅक वापरा, ९ प्रश्न, दोन मिनिटं. एकूण ३ किंवा कमी आले तर समजावून, हलतं ठेवून घरी पाठवा. शेवटच्या पाच प्रश्नांत ४ किंवा ५ आले तर नुसता शेक-मशीन देऊ नका, भीतीवर काम लागेल.

ते काम म्हणजे पायऱ्या. घाबरवणाऱ्या दहा कृती लिहायच्या, प्रत्येकीला ० ते १०० गुण. खाली पडलेलं सूप उचलणं ३०, जात्यावरच्या पोत्यातून ज्वारी काढणं ५०, भरलेली घागर ८०, असं काहीतरी. ३०-४० च्या कृतीपासून सुरुवात. करण्याआधी तिनं बोलून दाखवायचं, "वाकले तर कंबरेत कट होईल आणि उठता येणार नाही." मग करायचं. मग विचारायचं, काय झालं? जे म्हटलं होतं ते आणि जे झालं ते वहीत शेजारी शेजारी. हा भाग गाळला की तो नुसता व्यायाम उरतो. दुसरी चूक म्हणजे थेरपिस्टनं आधाराला हात पुढं करून ठेवणं. मग ती म्हणते, "मॅडम होत्या म्हणून वाचले."

साखरपेठ_ताई
घरच्यांसाठी पण काहीतरी लिहा. एक घर "तू बस गं, मी करते" म्हणून हात कायमचा बसवून ठेवतं, दुसऱ्या घरात प्लास्टरमध्येच भाकरी थापायला लावतात. दोन्हींना एकच सल्ला चालणार नाही.

मनकवडा
बरोबर. पहिल्या घराला: "दुखतंय का?" हा प्रश्न दिवसातून एकदाच. त्याऐवजी "आज किती लॉट झाले?" विचारा. तिचं ठरलेलं काम काढून घेऊ नका, फक्त ठरलेल्यापेक्षा जास्त करू देऊ नका. दुसऱ्या घराला मानसशास्त्र नको, कागद हवा. डॉक्टरच्या चिठ्ठीवर "पीठ मळणे, घागर उचलणे: अमुक तारखेपर्यंत नाही" असं मराठीत आणि तारखेसकट लिहून द्यावं. "विश्रांती घ्या" या शब्दाला सासरी किंमत नसते, तारखेला असते.

पेठेतला_पोरगा
कोपर-मनगटाला तेल लावून चोळून घेतलं तर भीती जाते म्हणतात. खरंय का बे?

फिजिओ_होटगीरोड
कोपराला जोरात चोळणं, ओढून सरळ करणं अजिबात नाही. कोपराभोवतीच्या स्नायूत हाड धरतं आणि सांधा कायमचा आखडतो. मनगटाला तिनं स्वतःच्या डाव्या हातानं हलकं तेल लावलं तर हरकत नाही. स्पर्शाची भीती कमी होते ती दुसऱ्यानं लावल्यानं नव्हे, स्वतः लावल्यानं.

स्पर्शच सहन होत नसेल तर सोलापुरात साहित्याची काय कमतरता? जुनं मऊ धोतर, मग साधं सुती, मग टर्किश टॉवेल, शेवटी चादरीची खरबरीत किनार. एकेक कापड दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, दुखऱ्या भागाच्या बाहेरून आत. मऊ कापड सहज सोसलं की पुढचं.

सीआरपीएसचं निदान झालं असेल तर आरसा. पण थेट आरशापासून सुरू करू नका. क्रम असा: दोन आठवडे हातांचे फोटो बघून डावा की उजवा ओळखणं, दोन आठवडे न हलवता हालचाल मनात करणं, मग दोन आठवडे आरसा. आरसा दीड फूट रुंद पुरे, छातीसमोर उभा, दुखरा हात मागं, चांगल्या हाताचं प्रतिबिंब दुखऱ्याच्या जागी. बांगड्या-अंगठ्या दोन्ही हातांतून काढा, नाहीतर मेंदू फसत नाही. पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दुखणं वाढलं तर एक टप्पा मागं.

कंबरतलाव
पार्क मैदानावरच्या पोरांचं उलटं. गुडघ्याचा एसीएल (सांधा धरून ठेवणारा आतला बंध) शस्त्रक्रियेनं बसवला की सहाव्या महिन्यात बॉलिंगला हजर. तिथं भीती हवीच आहे. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांत पुन्हा दुखापत जास्त होते, आणि दोन्ही पायांच्या ताकदीत ९० टक्के बरोबरी नसेल तर नऊ महिनेही पुरत नाहीत. पण नीट बरे झालेल्यांतही स्पर्धेच्या पातळीवर साधारण ५५ टक्केच परततात. गुडघा तयार, मन नाही. त्यासाठी एसीएल-आरएसआय ही प्रश्नावली, १२ प्रश्न, १०० पैकी. कमी गुण असलेल्याला "बिनधास्त खेळ" म्हणू नका, कुठली हालचाल टाळतो ते बघा. बहुतेक वेळा एका पायावर उतरून दिशा बदलणं असतं. तेवढंच वेगळं काढून, आधी हळू, मग वेगात, मग समोर माणूस ठेवून.

पेठेतला_पोरगा
आणि नंदीध्वज, सिद्धेश्वराच्या यात्रेत पेलतात तो उंच, जड ध्वज? कंबर धरलेल्यानं जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पेलायचा की नाही? हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे.

कंबरतलाव
यात्रेच्या दिवशी पहिल्यांदा हात लावणार असशील तर नाही. आधी सराव चालतो, तिथंच क्रम लाव. पहिल्या आठवड्यात फक्त सोबत चालणं, मग बाजूनं आधार देणं, मग स्वतः पेलून दहा पावलं, मग वीस. पावलं मोज, उत्साह मोजू नकोस. ढोल वाजायला लागले की दुखणं कळत नाही, ते दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी आहे ते बघून पुढचा आकडा ठरव.

भूलवाला
झोपेचं राहिलं. रात्र खराब गेली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत झोप कुठली? गच्चीवर झोपणाऱ्यांनी हाताखाली घडी घातलेली चादर ठेवून मनगट हृदयापेक्षा थोडं वर ठेवावं. उठायची वेळ रोज एकच, दुपारी झोपलंच तर वीस मिनिटं. झोपताना श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, पाच मिनिटं. मिश्री-तंबाखू संध्याकाळनंतर नको. झोपेसाठी तर नकोच, हाड जुळण्यासाठीही नको.

सोरेगावकर
भरपूर मिळालं. मूळ बाईकडं परत येतो. समजा तिसऱ्या आठवड्यात ४८ च्या लॉटला हात एकदम दुखायला लागला, दुखणं १० पैकी ८ वर गेलं, सूज नाही. ती म्हणणार, "बघा, मोडलं." तेव्हा?

फिजिओ_होटगीरोड
हे होणार म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून द्यायचं. दोन दिवस लॉट निम्मा, म्हणजे २४, पण शून्य नाही. रोजची मुठीची उघड-मीट चालू. तिसऱ्या दिवशी ४०, तिथून परत वर. त्या दोन दिवसांत काय वेगळं झालं ते वहीत बघायचं: पाणी, रात्रीची झोप, पान कडक, भांडण. नवी सूज, नवा बधिरपणा, वाकडेपणा किंवा पडल्याचं निमित्त असेल तरच एक्स-रे.

आणि दोन आठवडे सगळं नीट करूनही ती रडवेली, जेवण नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलते, तर वही बाजूला. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत त्याच आठवड्यात न्या. मध्यरात्री लागलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची फोनसेवा, १४४१६.

कांडीवाला
एक सुचवू का? वहीत लॉटसमोर मजुरीचाही रकाना ठेवा. ४० विड्यांचे पैसे थोडेच असतात, पण घरच्यांना आठवड्याला तो आकडा वाढताना दिसला की "नाटक" म्हणायचं बंद होतं.

साखरपेठ_ताई
आणि तो रकाना तिनंच भरायचा. उजव्या हातानं.